सेलमध्ये घेऊनही बचत का दिसत नाही? एका ऑनलाइन विक्रेत्याचं उत्तर

पिंपरी-चिंचवडच्या एका ताईंनी विचारलंय: घरात दोघं नोकरीला, दोन मुलं, महिन्याला दहा-बारा हजारांची खरेदी ऑनलाइन होते. जवळजवळ सगळं त्या सेलमध्येच घेतात. कूपन लावतात, दोन क्रेडिट कार्डं आहेत, तीन अ‍ॅप्सची मेंबरशिप आहे. दर ऑर्डरला 'तुमचे इतके रुपये वाचले' असं झळकतं, पण महिनाअखेर खात्यात काही उरलेलं दिसत नाही. तर सगळ्यात स्वस्त अ‍ॅप कोणतं, कार्ड कोणतं चांगलं, आणि फ्रिज जुना झालाय तर दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं का?

मी काउंटरच्या पलीकडून बोलतो. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरींचं काम आहे आणि बरीच वर्षं आम्ही मोठ्या मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकाच जागी विकणाऱ्या अ‍ॅप्सवर, माल विकतोय. कापड आणि घरगुती सामानाबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. मोबाइल-लॅपटॉपचं मला एका गिऱ्हाइकाइतकंच कळतं. शिवाय यातलं बरंचसं तुमच्या पिनकोडवर, घरात काय खपतं यावर आणि भाव बघत बसायला तुमच्याकडे किती वेळ आहे यावर ठरतं. दोघं नोकरी करून घरी येता, तेव्हा पंधरा रुपयांसाठी चार अ‍ॅप्स उघडा असं मी सांगणार नाही.

आधी तो 'वाचले' असं म्हणणारा आकडा बाजूला ठेवा, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. तो आकडा एमआरपीतून विक्रीचा भाव वजा करून काढलेला असतो. एमआरपी ठरवतो उत्पादक, म्हणजे आमच्या बाबतीत मीच. छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, एवढं कायदा सांगतो. ती किती छापावी यावर मात्र टॉवेलसारख्या मालाला कसलंही बंधन नाही. त्यामुळे माझ्या टॉवेलवर ९९९ छापलेले असतात आणि तो वर्षभर ३४९ ला विकला जातो. सेल असो वा नसो, पानावर '६५% सूट' आहेच. ९९९ ला तो टॉवेल आजवर कुणी घेतलेला नाही आणि घेऊही नये. तुमच्या ऑर्डरच्या पानावर मात्र ६५० रुपये वाचल्याची नोंद होते.

म्हणून सवलत दिसली की मी एकच गोष्ट बघतो: हा पैसा कुणाच्या खिशातून येतोय? वरच्या उदाहरणात तो कुणाच्याच खिशातून येत नाही, ती नुसती कागदावरची वजाबाकी आहे. कधी तो विक्रेत्याच्या खिशातून येतो, कधी बँकेच्या, कधी नवं गिऱ्हाईक धरायला निघालेल्या अ‍ॅपच्या. आणि बऱ्याचदा तो तुमच्याच एका खिशातून निघून दुसऱ्यात जातो, वाटेत थोडा गळून. पहिली आणि शेवटची जात ओळखता आली की निम्मं काम झालं.

३४९ च्या त्या टॉवेलचा हिशोब उघडून दाखवतो. आकडे गोल केलेत आणि ते माल, वजन, अंतर यांप्रमाणे बदलतात, पण घडण अशीच असते. ३४९ मधले १७ रुपये जीएसटीचे. उरले ३३२. त्यातून मार्केटप्लेसचं कमिशन आणि ठरावीक फी मिळून ५० गेले समजा. पार्सल पोचवायचे ६५. यादीत वर दिसावं म्हणून दिलेल्या जाहिरातीचे, सगळ्या ऑर्डरींवर वाटले तर, २०. परत येणाऱ्या आणि खराब होणाऱ्या मालापोटी १५. राहिले १८२, त्यात सूत, विणकाम, धुलाई, शिलाई, पॅकिंग आणि माझा नफा.

आता तोच टॉवेल जोडीने घ्या, ५९९ ला. जीएसटी २९. कमिशन आणि फी ७५, कारण ठरावीक फी एकदाच लागते. पोचवणं ९०, कारण वजनाचा टप्पा वाढला तरी पार्सल एकच आहे. जाहिरातीचे २० च, कारण क्लिक एकच झाला. परतीचे २०. उरले ३६५, म्हणजे टॉवेलमागे पुन्हा तेच १८२. मला एक पैसा कमी मिळाला नाही आणि तुमचा टॉवेल ५० रुपयांनी स्वस्त झाला. हे ५० रुपये वाहतुकीतून आणि जाहिरातीतून खरोखर वाचलेले आहेत, म्हणून ते टिकाऊ आहेत. सेलची वाट बघायची गरज नाही, ते बाराही महिने मिळतात.

यातून सगळ्यात मोठी गोष्ट कळते ती ही की लहान ऑर्डर महाग असते, 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेलं असलं तरी. दीडशे रुपयांची चाळणी मागवली तर तिच्या भावात पोचवण्याचे पैसे बसवलेलेच असतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार. दीडशे-दोनशेच्या आतल्या सुट्या वस्तू, म्हणजे चाळण्या, हुक, वह्या, क्लिपा, कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतात. ऑनलाइन घ्यायच्याच असतील तर त्या एकत्र जमवून घ्या.

जोडी किंवा चारचा संच नेहमी स्वस्त असतो असंही धरून चालू नका. लोक संच स्वस्तच असणार असं गृहीत धरतात हे विक्रेत्यांना माहीत असतं, त्यामुळे दोनचा पॅक सुट्या दोनपेक्षा महाग लावलेला मी नेहमी बघतो. साबण, डिटर्जंट, तेल यांच्या वेष्टनावर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किंमत छापावी लागते. अ‍ॅपवर ती दिसत नसेल तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करा. १०० ग्रॅमच्या चार वड्या आणि १२५ ग्रॅमच्या तीन वड्या शेजारी ठेवल्या की डोळा चारकडे जातो. वजनाने भागलं की खरा भाव कळतो.

कापडातही असाच एक भागाकार आहे आणि तो फारसा कुणी करत नाही. टॉवेलच्या पानावर '४५० जीएसएम' लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. मोठा अंघोळीचा टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे १.१२५ चौरस मीटर. गुणाकार केला की वजन साधारण ५०६ ग्रॅम यायला हवं. टॉवेल घरी आला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे चालतं. काटा ३५० दाखवत असेल तर तो ३११ जीएसएमचा टॉवेल आहे, आणि '४५० जीएसएम फक्त २४९ ला' ही सवलत वजनातून काढलेली आहे. तो परत करा आणि कारणात 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच निवडा. 'आवडला नाही' निवडलंत तर विक्रेत्याला काहीच होत नाही. (सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी सोलापूरचा वारासुद्धा न लागलेला माल त्या नावाने सर्रास विकला जातो. निदान उत्पादकाचा पत्ता तरी वाचा.)

आता विक्रेता खरोखर स्वतःच्या खिशातून कधी देतो ते सांगतो. सणाच्या सेलपेक्षा सीझन उलटल्यावर तो जास्त मनापासून देतो. आम्ही माल मार्केटप्लेसच्या गोदामात आगाऊ पाठवून ठेवतो आणि फार दिवस पडून राहिला की जास्तीचं भाडं लागतं. माल परत मागवायचा तर त्याचाही खर्च. अशा वेळी आम्हीच भाव पाडतो, आणि ती सूट खरी असते. जाड चादरी आणि ब्लँकेटं थंडी सरताना, कूलर-पंखे पावसाळा लागल्यावर, रेनकोट-छत्र्या ऑक्टोबरच्या आसपास, दप्तरं-डबे शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाल्यावर. ज्या वस्तू पुढच्या वर्षी लागणार हे आज नक्की माहीत आहे, त्यांच्यापुरतं हे करा. मुलांचे कपडे आणि बूट असे आगाऊ घेऊ नका, पाय वाढतात.

मोठ्या सेलमध्ये काहीच खरं नसतं असंही नाही. फ्लिपकार्टने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला बिग बिलियन डे केला, तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या आधीचे ते दिवस आम्हा विक्रेत्यांसाठी वर्षातले सगळ्यात खपाचे असतात. खप मोठा म्हणून काही मालावर आम्ही नफा खरोखर कमी करतो. पण सगळ्या मालावर नाही. चार वस्तू पहिल्या पानावर आणण्यासाठी कापलेल्या असतात, बाकीच्या नेहमीच्या भावाला लाल पट्टी लावून उभ्या असतात. आणि सेलच्या आधी महिनाभर भाव हळूहळू चढवत नेऊन मग 'पाडणारे' विक्रेतेही आहेत. यावर साधा उपाय आहे. कीपा किंवा बायहटके अशा ठिकाणी वस्तूची लिंक टाकली की मागच्या काही महिन्यांचा भावाचा आलेख दिसतो. सरासरी बघू नका. मागच्या सहा महिन्यांत तळ कुठे होता आणि तो कितीदा आला ते बघा. दर दोन महिन्यांनी तोच तळ येत असेल तर 'आज शेवटचा दिवस' याला काही अर्थ उरत नाही.

'फक्त २ शिल्लक' याचंही गुपित सांगतो. बऱ्याचदा ते अक्षरशः खरं असतं, पण त्याचा अर्थ तुम्ही धरता तो नसतो. ज्या गोदामातून तुम्हाला माल येणार तिथे माझे दोनच नग उरलेले असतात आणि इथे सोलापुरात गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात. दोन दिवसांनी पुन्हा माल लागतो. खोटी घाई लावणं, कार्टमध्ये परस्पर काहीतरी घुसवणं, वर्गणी बंद करायचं बटण लपवून ठेवणं अशा १३ प्रकारच्या युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून बंदी घातली आहे. आधीच टिक केलेले चौकोन तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच बसत नाहीत. तरी पैसे भरायच्या शेवटच्या पानावर एकदा वरपासून खालपर्यंत वाचाच. विमा, देणगी, गिफ्ट पॅकिंग, हँडलिंग, प्लॅटफॉर्म फी अशा दहा-वीस रुपयांच्या ओळी तिथेच बसलेल्या असतात. काही ठिकाणी कॅश ऑन डिलिव्हरीलाही वेगळे पैसे लागतात.

हे चिल्लर वाटतं, पण तुमच्याबाबतीत मला याच ओळींचा जास्त संशय आहे. दहा-बारा हजारांची खरेदी, तीन अ‍ॅप्स, आणि त्यात दहा मिनिटांत आणून देणारं एखादं असणारच. तिथे कोथिंबीर संपली म्हणून दिवसाआड ऑर्डर जाते. दर वेळी हँडलिंग, कमी रकमेची फी, गर्दीच्या वेळेची फी, पाऊस असला तर पावसाची. वर मोफत डिलिव्हरीचा आकडा गाठायला टाकलेलं चिप्सचं पाकीट. मागच्या महिन्याच्या ऑर्डरी उघडा आणि वस्तूंचे भाव सोडून फक्त या फीच्या ओळींची बेरीज करा. मग त्यात, नुसता आकडा गाठण्यासाठी टाकलेल्या वस्तूंची बेरीज करा. तुमचा गळलेला पैसा या दोन बेरजांत सापडेल असा माझा अंदाज आहे.

मेंबरशिपचंही गणित करा. समजा वर्षाला १,५०० रुपये भरता आणि एरवी दर ऑर्डरला ४० रुपये पोचवण्याचे लागले असते, तर नुसत्या डिलिव्हरीवर पैसे वसूल व्हायला वर्षात ३८ ऑर्डरी लागतात. त्यावर सिनेमे-मालिका बघत असाल तर ती किंमत वेगळी धरा. मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. मेंबरशिप नसते तेव्हा माणूस 'पाचशेचं होऊ दे, मग मागवू' म्हणून थांबतो, आणि त्या थांबण्यात निम्म्या वस्तू आपोआप गळतात. मेंबरशिप घेतली की तो अडसर निघतो. आम्हा विक्रेत्यांना मेंबर गिऱ्हाईक आवडतं ते त्यामुळेच. तिन्ही ठेवायचं कारण मला दिसत नाही. ज्यावरून जास्त मागवता ते एक ठेवा. बाकीच्यांचे पैसे आपोआप कापले जात असतील तर बँकेकडून पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती वाचून सोडून देऊ नका. यूपीआयवरून जात असतील तर यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघडून ते तिथेच रद्द करता येतं.

कार्डाकडे येतो. बँकेची झटपट सवलत हा बहुतेक वेळा खरा पैसा असतो, कारण तो बँक, ब्रँड किंवा अ‍ॅप भरतं. पण त्याला वरची मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरात असते. '१०% सवलत, कमाल १,५००' म्हणजे १५,००० च्या वस्तूवर पूर्ण दहा टक्के, ४५,००० च्या वस्तूवर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. म्हणून असं कार्ड मध्यम खरेदीला वापरा. मोठ्या वस्तूसाठी 'माझ्याकडे त्या बँकेचं कार्ड नाही' म्हणून हळहळू नका. कुठलं कार्ड चांगलं याला माझं उत्तर: तुम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरता का, यावर सगळं आहे. भरत असाल तर जिथून सगळ्यात जास्त मागवता त्या अ‍ॅपवर थेट कॅशबॅक देणारं, वार्षिक फी नसलेलं एक कार्ड पुरे. पॉइंटांच्या भानगडीत पडू नका, ते मुदत संपून जातात. बिल अधूनमधून राहत असेल तर कुठलंच कार्ड चांगलं नाही. २०,००० महिनाभर राहिले तर महिना साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज, त्यावर १८% जीएसटी, म्हणजे ८२६. पाच टक्के कॅशबॅकचे हजार रुपये जवळजवळ तिथेच संपले. शिवाय नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही बहुतेक कार्डांवर तेव्हा राहत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण फ्रिजच्या वेळी तो समोर येणारच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं. आज जे चालतं त्यात व्याज लागतंच, विक्रेता किंवा कंपनी तेवढी रक्कम भावातून आधी वजा करते. समजा २४,००० ची वस्तू, सहा हप्ते, ४,००० चा एक. दर १५% धरला तर बँकेच्या हिशोबात मुद्दल २२,९८४ आणि व्याज १,०१६. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८% जीएसटी तुम्ही भरता, १८३ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. म्हणजे 'नो-कॉस्ट'ची किंमत ४१८ रुपये. पैशांची ओढाताण असेल तर सहा महिन्यांच्या सवडीसाठी ४१८ जास्त नाहीत, खुशाल घ्या. पण पैसे खात्यात असताना, फुकट आहे म्हणून घेऊ नका. आणि एकरकमी भरल्यास वेगळी सूट मिळते का तेही तपासा, कारण तेव्हा तीही धरून हिशोब बदलतो.

सगळ्यात स्वस्त अ‍ॅप कोणतं, याचं उत्तर असं नाहीच. एकाच मालाला मी वेगवेगळ्या मार्केटप्लेसवर वेगळा भाव लावतो, कारण प्रत्येकाचं कमिशन आणि पोचवण्याचा दर वेगळा आहे. हलक्या वस्तू एकीकडे परवडतात, जड दुसरीकडे. परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसना स्वतःचा माल ठेवून विकायची परवानगी नाही, त्यामुळे तिथे भाव अ‍ॅपचा नसतो, विक्रेत्याचा असतो. एकाच वस्तूच्या पानावर 'इतर विक्रेते' अशी ओळ बारीक अक्षरात असते, ती उघडून बघा. वरच्याच विक्रेत्याचा भाव सगळ्यात कमी असेल असं नाही, जलद पोचवणाराही वर येतो. 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या पहिल्या दोन-चार वस्तू ओलांडून खाली या. आणि ब्रँडची स्वतःची वेबसाइट एकदा बघा. कमिशन वाचतं म्हणून पहिल्या ऑर्डरला तिथे बरेचदा चांगलं कूपन असतं. आमच्यासारखे लहान उत्पादक तर थेट ऑर्डर घ्यायला उत्सुकच असतात. फक्त सेलच्या दिवसांत जाहिरातीतून उघडलेल्या, नाव सारखंच पण पत्ता थोडा वेगळा अशा साइटवर पैसे भरू नका. फसलात तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

माल हातात आल्यावरचं एक मिनिट फार कामाचं आहे. वेष्टनावरची एमआरपी बघा आणि अ‍ॅपवर खोडलेल्या भावाशी ताडून बघा. अ‍ॅपवर १,२९९ खोडलेले आणि डब्यावर ८९९ छापलेले, असं आढळतं. तुम्ही भरलेला भाव छापील एमआरपीपेक्षा जास्त निघाला तर तो सरळ गुन्हा आहे. फोटो काढा आणि तक्रार करा. क्रीम, बिस्किटं, प्रोटीन पावडर यांवर मोठी सूट होती तर मुदत संपायची तारीख आधी बघा. महागड्या वस्तूचं पार्सल उघडताना लेबलापासून सलग व्हिडिओ करा, तुटलेला माल परत करताना वाद वाचतो. अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिचा उल्लेख केल्यावर कस्टमर केअरचा सूर बदलतो, हे मी विक्रेता म्हणूनही बघितलंय.

राहिला फ्रिज. तो चालू असेल तर थांबा, कॉम्प्रेसर गेला असेल तर दिवाळीची वाट बघत दूध नासवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांवरचे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. फ्रिज मात्र जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहे. त्यामुळे 'जीएसटी कपातीने फ्रिज स्वस्त' असं कुणी सांगितलं तर ती नुसती जाहिरात समजा. ऐन उन्हाळ्यात घेऊ नका, तेव्हा फ्रिजला गिऱ्हाईक आपोआप येतं, सूट द्यायची कुणाला गरज नसते.

मॉडेल ठरवताना वीजबचतीच्या लेबलावरच्या ताऱ्यांच्या आधी वर्षाला किती युनिट वीज लागते तो आकडा बघा. दोन फ्रिजमध्ये ६० युनिटांचा फरक आहे आणि तुमचा शेवटच्या टप्प्यातला दर १० रुपये आहे असं धरलं, तर वर्षाला ६०० रुपये. दहा वर्षं फ्रिज वापरणार असाल तर ५,००० जास्त देऊन घेतलेला स्वस्त पडतो, ८,००० जास्त दिले तर नाही. त्याच लेबलावर ते कोणत्या कालावधीसाठी आहे तेही छापलेलं असतं. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात आणि जुन्या निकषांचे पाच तारे नव्यांत चार ठरू शकतात. जुन्या लेबलाचा माल खपवायला दिलेली सूट वाईट नाही, फक्त ती त्यासाठी आहे हे माहीत असू द्या.

मग मॉडेल नंबर लिहून घ्या आणि चिंचवड-पिंपरीतल्या दोन दुकानांत जा. ऑनलाइनचा शेवटच्या पानावरचा भाव, बँकेची सवलत धरून, फोनवर दाखवा. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षरही जुळतंय ना बघा, कारण काही कंपन्या ऑनलाइनसाठी थोडं वेगळं मॉडेल काढतात. दुकानदाराला विचारा: पोचवणं, स्टँड, जुना फ्रिज नेणं आणि त्याची किंमत धरून किती? ऑनलाइन एक्स्चेंजचा आकडा दारात माणूस आल्यावर कमी होऊ शकतो, दुकानदाराशी तो आधीच पक्का होतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी त्यालाही कंपनीकडून स्कीम असते, आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात विचारलंत तर तो बहुधा तोच भाव तेव्हाही देतो, कारण गिऱ्हाईक त्याला सोडायचं नसतं. दोन्हींत हजाराच्या आत फरक राहिला तर मी दुकानातून घेईन. फ्रिजच्या कोपऱ्याला पोचा आलेला असला तर दुकानात जाऊन बोलता येतं. ऑनलाइन मोठी वस्तू परत करणं म्हणजे सुट्टी टाकून घरी बसणं.

मेंबरशिपा कोणत्या आहेत आणि त्या मागच्या महिन्याच्या फीची बेरीज किती आली ते सांगितलंत तर यातली कुठली ठेवावी ते नेमकं सांगू शकेन.